वेताळाच्या फोटोवरची सरकती पट्टी

मी एक जुनी सरकती पट्टी आहे, मित्रांनो. तुम्ही मला पाहिलेलं आहे, फक्त माझी ओळख कोणी करून दिलेली नाही. एखाद्या वेबसाइटवर फोटो असतो, त्याच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ असते, रेघेवर एक गोल बटण असतं आणि बटणावर दोन बाण, एक डावीकडे तोंड करून, एक उजवीकडे. बोटाने ओढलं की वरचा फोटो बाजूला सरकतो आणि खाली दडलेला दुसरा फोटो दिसू लागतो. ती रेघ म्हणजे मी. जुनी म्हणाले खरी, पण माझं वय अवघं चार वर्षांचं आहे. आमच्या दुनियेत तेवढ्यात म्हातारपण येतं.

आपली कहाणी सांगताना आवाज हळुवार ठेवायचा असतो, हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री, जुना फळा, जुनी सायकल, सगळ्या कशा समजूतदारपणे बोलतात. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे आणि वर्ष झालं तरी तो उतरलेला नाही. तुम्ही लहान आहात, तुमच्यावर माझा राग नाही. तरी माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म नाशिकला झाला, गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये, रविवारी, घरातल्या सगळ्यांची मिसळ खाऊन झाल्यावर. त्या घरात हर्षाली आणि तिचा नवरा अमित राहतात. हर्षाली मूळची निफाडची. माहेरी द्राक्षांचे मळे आहेत, ते तिचा भाऊ रविराज पाहतो. ती स्वतः शहरात एका कार्यालयात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून जिल्हाभर हिंडते. काढलेले फोटो ती स्वतःच्या वेबसाइटवर लावते. 'हर्षालीची भटकंती' असं तिचं नाव.

तर त्या रविवारी तिने अमितला सांगितलं की फोटोवर ओढायची एक पट्टी हवी, म्हणजे लोकांना आधीचं आणि नंतरचं दोन्ही पाहता येईल. अमित कंपनीत दिवसभर हेच काम करतो. त्याने जांभई देत 'होऊन जाईल' म्हटलं. इंटरनेटवरून कोणाचा तरी तयार मसाला उचलला, रंग बदलला, बटण थोडं मोठं केलं, काहीतरी बिघडवलं आणि ते पुन्हा दुरुस्त केलं. अशी मी तयार झाले. सगळ्यात आधी माझ्यावर चढले ते अमितचेच दोन फोटो, एक दाढी असलेला आणि एक दाढी काढलेला. हर्षाली मला इकडून तिकडे ओढत होती आणि पोट धरून हसत होती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता असं आता वाटतं.

जाता जाता अमितने तिला विचारलं की पान उघडेल तेव्हा पट्टी कुठे उभी करू. ती म्हणाली, मधोमध. अर्धा वरचा फोटो, अर्धा खालचा, म्हणजे लोकांना लगेच कळेल की इथे ओढायचं आहे. त्याने तसं लिहून टाकलं. तेव्हापासून माझा हा धर्म ठरला. तुम्ही मला ओढून एका टोकाला नेलंत तरी ते तुमच्या मोबाइलवर, तेवढ्या वेळेपुरतं. दुसऱ्या कोणी पान उघडलं की मी त्याच्यापुढे मधोमध उभी. तुम्हीच पुन्हा उघडलंत तरी मी मधोमध उभी. आणि पान जितक्या मोबाइलवर उघडेल तितक्या ठिकाणी मी एकाच वेळी असते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. रविराजच्या मळ्यातले फोटो माझ्या वाट्याला आले. एका बाजूला एप्रिलच्या छाटणीनंतरची उघडी खोडं आणि नुसत्या तारा, ओढलं की त्याच मांडवाखाली लोंबणारे घड. मग लासलगावच्या मार्केट यार्डाचे आले. सकाळी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, ओढलं की संध्याकाळचं मोकळं आवार आणि वाऱ्यावर उडणारी सालं. त्या रांगेत गोरक्षकाका नावाच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर होता. ते रोज पान उघडायचे आणि मला ओढून आपला ट्रॅक्टर गायब करायचे, मग परत आणायचे. नातवंडांना दाखवायचे, पाहुण्यांना दाखवायचे. मी कधी कंटाळले नाही. एका शाळेतल्या बाईंनी तर मला वर्गातल्या मोठ्या पडद्यावर लावलं होतं आणि मुलं रांग लावून मला ओढायला आली होती. तुमच्यातलं कोणी त्यात होतं का, कोण जाणे. मी तेव्हा भाव खात होते, हे कबूल आहे.

पण लोकांना कशाचाही कंटाळा येतो. हळूहळू पान उघडणारे कमी झाले. हर्षालीच्या ओळखीचे फोटोवाले तिला म्हणू लागले की छान आहे, पण छाटणी आणि कांदे किती दिवस दाखवणार, काहीतरी थरारक हवं. त्यातच पुण्याच्या एका संस्थेने स्पर्धा जाहीर केली. लोकजीवनावरची स्वतःची वेबसाइट असणाऱ्यांसाठी होती ती. हर्षालीने ती स्पर्धा मनावर घेतली. त्यात काही वाईट नव्हतं. वाईट पुढे झालं.

रविराजच्या मळ्यात दरवर्षी दिवाळीनंतर सुरगाण्याकडून एक कुटुंब कामाला येतं. भागीबाई, तिचा मुलगा चंदर आणि सून मीना. डोंगरात भाताची कापणी उरकली की ही माणसं खाली उतरतात. द्राक्षांची विरळणी करतात, घड औषधात बुडवतात, होळीच्या सुमारास परत जातात. हर्षाली त्यांना लहानपणापासून ओळखते. त्यांनी तिला आपल्या पाड्यावर बोहाड्याला बोलावलं. पाड्याचं नाव मी सांगणार नाही. हर्षालीने पानावर एकदा सांगितलं तेवढं पुरे.

बोहाडा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. चैत्रात पाड्यावर देवांची सोंगं निघतात. जड लाकडी मुखवटे बांधून माणसं नाचतात, संबळ वाजतं, पिपाणी वाजते. प्रत्येक सोंगाचं घर ठरलेलं असतं. वेताळाचं सोंग चंदरच्या घरात आहे. त्याच्या बापाने नाचवलं, आज्याने नाचवलं, आता चंदर नाचवतो. वर्षभर तो दुसऱ्याच्या मळ्यात पाठ वाकवून काम करतो, पण त्या दिवशी सगळा पाडा त्याच्या पाया पडतो. म्हातारी माणसंसुद्धा पडतात. त्याच्या पाया नव्हे, वेताळाच्या. मुखवटा चढला की तो चंदर नसतोच.

त्या पाड्यावर एक रीत आहे. सोंग नाचून आलं की त्याला घरामागच्या पडवीत नेतात. दोन माणसं चादर धरतात आणि चादरीआड दत्तूकाका मुखवटा उतरवतात. दत्तूकाका चंदरचे चुलते, सगळी सोंगं त्यांच्या ताब्यात असतात. मुखवटा उतरतानाचं तोंड कोणी पाहायचं नाही. आता तुम्ही म्हणाल, आत कोण आहे ते तर सगळ्यांना माहीत असतं. माहीत असतंच. शेंबडं पोरसुद्धा सांगेल की तो चंदर आहे. तरी कोणी पाहत नाही. देवाला जायला आणि माणसाला परत यायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ त्याला एकट्याला द्यायचा, अशी ती रीत आहे. मला ती फार आवडते. मी सगळं आयुष्य उघडण्यात घालवलं, म्हणून असेल.

हर्षाली पाहुणी होती. तिला भागीबाईने नागलीची भाकरी करून जेवायला घातलं आणि बाहेर गर्दीत नको म्हणून घरातल्या बायकांबरोबर पडवीच्या दारात बसवलं. चादरीच्या आतल्या बाजूला. तिथून तिने फोटो काढला. आवाज न करता, कॅमेरा मांडीवर ठेवून.

फोटो सुंदर आहे, हे मला सांगायलाच हवं, म्हणून तर माझा संताप जास्त होतो. मुखवटा नुकताच सुटलेला, चंदरचे डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, कपाळावर फडक्याच्या गाठीचे वळ, गालावरून घाम आणि कदाचित अश्रूही. नवजात मुलासारखं तोंड. असं तोंड माणूस आपल्या आईलासुद्धा क्वचित दाखवतो. हर्षालीने ते घरी आणलं, मोजूनमापून मुखवट्याच्या फोटोखाली बसवलं, डोळ्यांवर डोळे, हनुवटीवर हनुवटी, आणि मध्ये मला उभं केलं. वर लिहिलं, 'मुखवट्यामागे कोण? ओढून पाहा.'

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मागे कोण, हा प्रश्न त्या पाड्यावर कोणी कधी विचारला नव्हता. तो इथे गंगापूर रोडवर तयार झाला. आणि मी मधोमध उभी राहणारी. म्हणजे पान उघडलं की अर्धं तोंड वेताळाचं आणि अर्धं चंदरचं, ओढण्याआधीच.

पान धो धो चाललं. एवढी बोटं माझ्यावर कधीच पडली नव्हती. लोकांनी खाली काय काय लिहिलं. कोणी अंगावर काटा आला म्हणाला, कोणी शेवटी माणूसच निघाला असं लिहून हसरे चेहरे टाकले. एकाने विचारलं की हा इतका घाबरलेला का दिसतोय. तो घाबरलेला नव्हता हो. त्याला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने, किंवा नसतंही सांगितलं.

दिवाळीनंतर चंदर नेहमीसारखा निफाडला कामावर आला. दुपारच्या सुट्टीत रविराजने कौतुकाने त्याला मोबाइल दाखवला. रविराज मनाने वाईट नाही, त्याला खरंच वाटत होतं की चंदरला आनंद होईल. तू तर फेमस झालास, असं म्हणाला. आजूबाजूचे मजूर जमले. मोबाइल या हातातून त्या हातात गेला आणि मला एकेकाने ओढायला सुरुवात केली. वेताळ आला, वेताळ गेला. वेताळ आला, वेताळ गेला. चंदर हातातली भाकरी तशीच धरून बसला होता. मग त्याने रविराजला एवढंच विचारलं की हे आमच्या तिकडं पण दिसतं का. रविराज म्हणाला, अरे, जगात दिसतंय.

त्या दिवसापासून मळ्यात त्याला कोणी चंदर म्हणेना. ए वेताळा, पाण्याचा पाइप धर. ए वेताळा, क्रेट उचल. त्याने डोक्यावरची टोपी कपाळावर ओढून घ्यायला सुरुवात केली.

आणि तिकडे पाड्यावर जीपवाल्यांच्या मोबाइलमधून मी पोहोचलेच होते. दत्तूकाकांनी मला पाहिलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी चार जाणत्या माणसांना बसवलं आणि ठरलं ते असं, की चैत्रातल्या बोहाड्याआधी ते तोंड झाकलं गेलं पाहिजे. झाकलं नाही तर सोंग चंदरच्या हाती द्यायचं नाही, कारण ज्याचं तोंड गावोगाव उघडं पडलं आहे त्याच्यावर देव कसा बसणार. मित्रांनो, सुरगाण्याच्या डोंगरात एका माणसाच्या मालकीच्या गोष्टी फार नसतात. चंदरकडे ही एक होती, आणि ती जायला निघाली होती.

हे सगळं मला कळलं ते भागीबाईकडून. थंडीत एके दिवशी ती एकटीच एसटीने नाशिकला आली. पत्ता रविराजने दिला होता. सोबत हर्षालीसाठी पिशवीभर नवा तांदूळ आणला होता. मीना सोबत असती तर पुढचं घडलं नसतं, कारण मीनाकडे मोबाइल आहे आणि ती सहजासहजी कोणावर विसंबत नाही. पण मीनाने मळ्यातला खाडा टाळला आणि भागीबाई एकटी आली.

हर्षालीने तिला सोफ्यावर बसवलं, चहा केला, मावशी मावशी करून विचारपूस केली. भागीबाईने पाड्यावर काय ठरलं ते सांगितलं. हर्षाली समजावू लागली. फोटो किती लोकांना आवडला, यात चंदरचा मानच आहे, लोक तुमची संस्कृती पाहतात, वगैरे. भागीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"ताई, तुमी आमच्या घरात जेवल्या. पाव्हण्यापुढं कोणी चादर धरीत नाय, म्हून तुमाला आत बसवलं. आमाला भांडन नको. तेवढं माझ्या पोऱ्याचं तोंड झाका."

हर्षालीने टॅब उचलला. मला वाटलं, आता ती फोटो काढून टाकेल. दोन टिचक्यांचं काम. पण ती स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोहोचली होती. परीक्षक होळीपर्यंत कधीही पान उघडून पाहणार होते, आणि सगळी मदार त्या एका फोटोवर होती. तिने टॅबवर पान उघडलं, मला भागीबाईपुढे धरलं आणि म्हणाली,

"मावशी, तुम्हीच झाका ना. तुमच्या हाताने."

भागीबाईने डोक्यावर पदर घेतला. पिशवीतले चार तांदळाचे दाणे काढून टेबलावर ठेवले, तिच्या बोलीत देवाला काहीतरी सांगितलं आणि बटणावर बोट ठेवलं. तिचं बोट विरळणीच्या कात्रीने आणि औषधांनी इतकं खरबरीत झालेलं की पडद्याला ते कळेचना. तिने पुन्हा ठेवलं. मग मला हळूहळू ओढत पार कडेपर्यंत नेलं. चंदरचा गाल झाकला, डोळा झाकला, कपाळ झाकलं. पूर्ण वेताळ झाला.

"झालं ना, ताई?"

"झालं, मावशी."

मित्रांनो, भागीबाईला हसू नका. तुमच्यातले काही म्हणतील, म्हातारीला एवढंही कळलं नाही. तिला एक गोष्ट चांगली कळत होती. पाड्यावर जिच्या घरातून वस्तू उघडी पडली तिच्याच घरी जाऊन ती झाकतात, आणि घरधनीण 'झालं' म्हणाली की झालं. पुन्हा कोणी तपासायला जात नाही. तो अपमान ठरतो. ती यंत्रावर विसंबली नव्हती, माणसावर विसंबली होती. ती जिना उतरून गेली, हर्षालीने टॅब ठेवला, आणि त्याच वेळी कोल्हापुरात, ठाण्यात, कुठे कुठे लोकांच्या मोबाइलवर मी मधोमध उभी होते आणि अर्धा चंदर उघडा होता. मला ओरडायला तोंड असतं तर मी त्या बाईच्या मागे जिन्यापर्यंत ओरडत गेले असते.

संध्याकाळी अमितने हे ऐकलं तेव्हा तोही चपापला. म्हणाला की निकालानंतर काढीन, असं तिला सरळ सांगायचं होतंस. हर्षाली म्हणाली की तिला ते काय समजणार, आणि निकाल लागला की मी काढणारच आहे. निकाल लागला. हर्षालीला पहिलं बक्षीस मिळालं. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. सत्काराच्या गडबडीत काढायचं राहून गेलं. नंतर संस्थेने आपल्या पानावर तिच्या पानाचा पत्ता दिला, मग आता लगेच कसं काढायचं, असं झालं. कारणांना काय तोटा.

तिकडे भागीबाईने पाड्यावर जाऊन सांगितलं होतं की तोंड झाकलं, मी माझ्या हाताने झाकलं. दत्तूकाकांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. बोहाड्याचा दिवस आला. चंदरने उपास धरला, आंघोळ केली. दिवस कलायला लागला होता. दत्तूकाका वेताळाचा मुखवटा घेऊन पडवीत उभे होते आणि चंदर त्यांच्यापुढे डोकं वाकवून.

मी तिथे होते. तुम्ही विचाराल, कशी? बक्षिसाचं पान वाचून नाशिकची बरीच मंडळी गाड्या काढून आली होती. हर्षाली नव्हती, तिला कार्यालयातून सुट्टी मिळाली नव्हती. पण ही सगळी तिच्याच पानावरून आलेली. घराच्या मागे चढावर थोडी रेंज येते. तिथे उभं राहून त्यांनी मोबाइल काढले आणि पान उघडलं. चार मोबाइलवर, सहा मोबाइलवर, दहा मोबाइलवर मी मधोमध उभी राहिले. एक जण थेट पडवीत आला, मोबाइल चंदरच्या तोंडाशेजारी धरला आणि मित्राला म्हणाला, "हाच तो. बघ, मुखवट्यामागचा."

दत्तूकाकांनी मोबाइलकडे पाहिलं. मग भागीबाईकडे पाहिलं.

भागीबाई उठली. तिने त्या माणसाच्या हातातला मोबाइल धरला आणि मला कडेपर्यंत ओढलं. तोंड झाकलं. तिला वाटलं, कसं कोण जाणे, पुन्हा उघडलं असेल. मग तिला शेजारच्याच्या हातात मी दिसले. तिथे गेली, तिथे ओढलं. मग तिसऱ्याच्या. लोक हसून मोबाइल पुढे करू लागले. म्हातारीला गंमत वाटते आहे, असं त्यांना वाटलं. ती डोक्यावरचा पदर सावरत एकेका माणसापुढे जात होती आणि एकेका मोबाइलवर आपल्या मुलाचं तोंड झाकत होती, आणि जिथून ती पुढे जाई तिथे मागे कोणीतरी मला परत ओढून उघडत होतं. मी झाकत होते आणि उघडत होते, एकाच वेळी, दहा हातांत. काही जण तिचंच चित्रीकरण करत होते.

तेव्हा चंदर पडवीतून खाली उतरला. त्याने आईचा हात धरला.

"आये, राहू दे आता. किती जनांचं झाकशील?"

मग तो दत्तूकाकांकडे वळला आणि म्हणाला, "काका, सोंग आत ठेवा." दत्तूकाकांनी त्याला समजावलं नाही, ते रागावलेही नाहीत. त्यांनी मुखवट्याला फडकं गुंडाळलं आणि तो आत नेला.

त्या बोहाड्यात गणपती नाचला, मारुती नाचला. वेताळाची पाळी आली तेव्हा संबळवाल्याने वेताळाचा ताल धरला, कारण पाळी चुकवायची नसते. पिपाणी वाजली. टेंभे पुढे आले. रिंगणात कोणीही आलं नाही. पाड्यातली माणसं मोकळ्या रिंगणाकडे पाहत उभी राहिली आणि वाजवणारे वाजवत राहिले. बाहेरून आलेल्यांनी मोबाइल वर धरले होते. ते एकमेकांना विचारत होते की तो कुठे आहे, तो का येत नाही. दोघातिघांनी रिकाम्या रिंगणाचेच फोटो काढून घेतले.

रविराजने फोन करून हर्षालीला हे सांगितलं. ती रडली. खरं रडली, मी पाहिलं. मग तिने अमितला बसवलं आणि अमितने माझ्यातली ती एक जागा बदलली. आता पान उघडलं की मी मधोमध नसते, पार कडेला असते. वेताळ पूर्ण दिसतो, चंदर झाकलेला. फोटो मात्र काढला नाही, कारण बक्षिसाच्या पानावरून लोक अजून तिथेच येतात. 'ओढून पाहा' हे शब्द काढले आणि त्या जागी हर्षालीने एक मोठा लेख लिहिला, आपल्याला किती वाईट वाटलं त्याबद्दल. लेख फार छान झाला आहे असं सगळे म्हणतात. त्याखाली लोकांनी तिच्या संवेदनशीलतेचं कौतुक केलं आहे आणि मग मला ओढून पाहिलं आहे.

हा माझा राग आहे, मित्रांनो. दार लोटून घ्यायचं, पण कडी लावायची नाही, आणि वर म्हणायचं की आम्ही लावलं. गोल बटण अजून तिथेच आहे. दोन बाण तिथेच आहेत. दर चैत्रात त्या पाड्यावर वेताळाचा ताल वाजेल, आणि चंदर तेव्हा कुठे उभा असेल ते मला माहीत नाही. तो मळ्यावर येतो, टोपी कपाळावर ओढून घेतो, काम करतो.

मला कोणी पानावरून काढणार नाही, हे मला कळून चुकलं आहे. हर्षालीला भागीबाईने सांगून पाहिलं. अमितला सांगणारी मी कोण. म्हणून तुम्हाला सांगते. पुढेमागे तुम्ही ते पान उघडाल. वेताळाचा फोटो दिसेल. लाल रंग, मोठे डोळे, कल्ले. तो पाहा, हवा तेवढा वेळ पाहा, पाहण्यासाठीच तो रंगवला आहे. उजव्या कडेला एक गोल बटण असेल आणि तुमचं बोट आपोआप तिकडे जाईल. माझी एवढीच विनंती आहे की बोट मागे घ्या. तिथे एक माणूस आहे, आणि त्याच्या आईने तो झाकलेला आहे.